मोटार शिकताना सराव किती अंतराने करावा ?



शिकाऊ परवाना हाती पडला, की पुष्कळांना आठवडाभरात मोटार शिकून मोकळे व्हावेसे वाटते. काही जण केवळ रविवारीच शिकावयास येतात. मला हे दोन्ही मार्ग मान्य नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये खाजगी मोटारीच्या प्रशिक्षणास किमान २१ दिवस लागतात व प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १० तास भरावे लागतात. रोज अर्धा तास धरला, तर हिशेब साडेदहा तासांचा होतो. क्लच सोडताना गाडी कोठे उचल घेते, हे पायालाच कळावे लागते. सलग दोन तासांत पाय थकतो. आठ दिवसांच्या खंडाने तो सारे विसरतो. चढावर थांबलेली गाडी मागे न सरकू देता पुढे काढणे ज्यास साधले नाही, त्याच्यामुळे घाटात मागून येणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो.

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस चाचणी देता येत नाही. परवान्याची मुदत मात्र ६ महिने असते. तेव्हा शिकवणी संपताच चाचणीची घाई कशाला ? 'एल' अक्षराची पाटी लावून, गाडी आवरू शकेल असा परवानाधारक शेजारी बसवून, प्रथम पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, मग बाजाराच्या वेळी आणि एकदा तरी पावसात गाडी चालवावी.