ठिपक्यांची म्हातारी

माझी लेक पुण्यात एका लहानशा कंपनीत मोबाईलवरच्या खेळांची चित्रं काढते. मी कविता लिहितो. दोघांच्याही धंद्यात पैसा कमी आणि खाडाखोड फार. गेल्या रमजान ईदला ती घरी आली, तेव्हा तिनं मला एक चित्र दाखवलं. डोक्यावर घागर घेऊन चाललेली म्हातारी. रुंदी २४ ठिपके, उंची ३२. मी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणालो, "बेटा, हे इतकं तुटक का दिसतंय? फोन तर नवा आहे ना?"

ती काही बोलली नाही. शिरखुर्म्याची वाटी उचलून गच्चीवर गेली. त्या म्हातारीच्या चालीवर तिनं चार दिवस घालवले होते, हे मला नंतर तिच्या अम्मीकडून कळलं.

श्रोतेहो, पडद्यावरचं प्रत्येक चित्र ठिपक्यांचंच असतं; पण एरवी ते ठिपके आपल्या लक्षात येत नाहीत. या 'पिक्सेल आर्ट'मध्ये मात्र एकेक ठिपका मोजून ठेवायचा असतो. माझी आई दसुतीवर टाके मोजून मोर भरायची. एक टाका चुकला की मोराची मान मोडायची. तसंच हे. १९८१च्या 'डाँकी काँग' या खेळासाठी जपानच्या शिगेरू मियामोतो यांना एक माणूस काढायचा होता. एवढ्याशा जागेत केस नीट निघेनात, म्हणून टोपी आली. तोंड दाखवता येईना, म्हणून मिशा आल्या. हाच पुढे मारिओ म्हणून जगभर गेला. खेळणाऱ्याला वाटतं, गडी मिशाळ आहे. चित्रकाराला त्या मिशांमागची अडचण दिसते आणि तो मनात 'वाहवा' म्हणतो. काफियानं अडवल्यावर आम्हा गझलवाल्यांना कधी कधी बरी ओळ सापडते, त्यातलाच हा प्रकार.

संध्याकाळी माझा सोळा वर्षांचा भाचा आला. लेकीनं फोन त्याच्या हातात दिला. तो म्हातारीच्या शेजारून सरळ पळत गेला, तिच्याकडे पाहिलंही नाही. मागचा देखावा मात्र त्याला फार आवडला. "एकदम जुन्या गेमसारखं वाटतं!" म्हणाला. तो देखावा म्हणजे कुणीतरी काढलेला फोटो. संगणकानं भरड केलेला. त्याचे ठिपके म्हातारीच्या ठिपक्यांहून दुप्पट मोठे होते. एकाच चित्रात दोन मापांचे ठिपके ही लेकीच्या जमातीत मोठी चूक. मुशायऱ्यात बहर चुकावी तशी. तिचे कान लाल झाले.

मग तो नायकाबद्दल म्हणाला, "आपा, हा उडी उशिरा मारतो."

उडीच्या आधी नायक गुडघे वाकवतो, त्याची तिनं तीन चित्रं काढली होती. बघायला सुरेख. पण बटण दाबणाऱ्याला ते तीन क्षण थांबावं लागत होतं. मला १९८९चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवला. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या संगणक वर्गांत सर चहाला गेले की मुलं तो उघडायची. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून चित्रफीत घेतली आणि तिच्यावरून राजपुत्राची चाल उतरवली. अशी माणसासारखी चाल तोवर खेळांत क्वचितच दिसली होती. मी मागे उभा राहून नुसता पाहत बसे. खेळणारी मुलं मात्र हैराण, कारण खरं अंग असलेला माणूस जागच्या जागी वळत नाही, थांबत नाही. खंदकाच्या काठाशी एकेक पाऊल मोजत जावं लागे आणि सगळा खेळ साठ मिनिटांत संपवायचा.

रात्री भाचा गेल्यावर लेक म्हणाली, "अब्बा, त्याचं 'जुनं'सुद्धा खरं जुनं नाही." १९९१च्या 'सॉनिक'मध्ये धबधबा उभ्या रेघा सोडून सोडून काढला होता. खेळाचं यंत्र ज्या साध्या तारेनं टीव्हीला जोडत, तिच्यातून येताना त्या रेघा एकमेकींत मिसळत आणि पाण्याआडचं दृश्य झिरपल्यासारखं दिसे. चित्रकारानं तो पुसटपणा हिशेबात धरला होता. आजच्या सपाट पडद्यावर त्याच रेघा गजासारख्या उभ्या दिसतात आणि पोरांना वाटतं, जुने खेळ असेच टोकदार होते.

मी दोघांच्या भांडणात पडलोच. देखाव्याबाबत लेक बरोबर, उडीबाबत भाचा. हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही तर फोन बिघडलाय म्हणाला होतात." यावर काय बोलणार?

गुडघ्यांच्या तीन चित्रांतली दोन तिनं नंतर काढून टाकली. देखावा बदलायला कंपनी तयार नाही. महिन्याभरानं भाच्याचा तिला फोन आला. खेळात एका जागी अडकला होता, म्हणून बराच वेळ म्हातारीपाशीच उभा होता. विचारत होता, "आपा, एवढी डुलत चालते, मग घागरीतून पाणी कसं सांडत नाही?"

ती सध्या दोन निळ्या ठिपक्यांवर बसली आहे.