वार्धक्यातील सोबत आणि समाजवादी कार्यकर्ता

(नवी पेठ, सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नवी पेठ ही सोलापूरची गजबजलेली बाजारपेठ. दिवसभर येथे माणसांची रीघ असते. तरीही याच पेठेत माडीवरच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या वृद्धाला सकाळपासून रात्रीपर्यंत कोणी नावाने हाक मारीलच, याची शाश्वती नाही. गुडघे जिना उतरू देत नाहीत, मुले पोटापाण्यासाठी परगावी गेलेली असतात आणि स्वतःचे घर सोडण्यास मन धजत नाही. अशा माणसाची निकड रुग्णालयाची नसते. आठवड्यातून दोनदा नेमाने येऊन बसणाऱ्या सोबत्याची असते. हे काम त्याच्याच वयाच्या, परंतु अजून हिंडत्याफिरत्या माणसांनी अंगावर घ्यावे, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

सोलापुरात या प्रश्नाला वर्गीय बाजू आहे. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीने या गावाला गिरणी कामगारांचे गाव बनविले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि संघटित कामगाराच्या म्हातारपणाचा आधार खचला. यंत्रमागावर राबणारे कामगार व घराघरांतून विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांच्या वाट्याला असा आधार मुळातच अपुरा आला. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम 2014 पासून दरमहा 1000 रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत 2023 पासून 1500 रुपये मिळू लागले. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा मात्र 60 ते 79 वयाच्या व्यक्तीमागे अवघा 200 रुपये आहे. एवढ्या पैशांत पगारी सोबतीण कोण ठेवणार? धनिकाचे एकाकीपण बाजारात पैसे मोजून काही अंशी हलके होते. श्रमिकाला तीही सोय नाही.

समवयस्काच्या सोबतीचे मोल येथेच कळते. हयातीचा दाखला देण्याची वेळ आली, की विडी वळून बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धेला यंत्र ओळखत नाही. तिला पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागतात. तिच्यासमवेत जाणारी, तिच्याशी तेलुगूत बोलणारी, त्याच कष्टांतून गेलेली स्त्री असेल तर खिडकीपलीकडच्या माणसालाही दाद द्यावी लागते. मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा नांदत असलेल्या या शहरात सोबत्याची भाषा ही गौण बाब नव्हे.

या कामाचे नमुने उपलब्ध आहेत. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ 1980 साली स्थापन झाला आणि गावोगावी संघ उभे राहिले. परंतु संघाच्या सभागृहापर्यंत जो चालत येऊ शकतो, त्यालाच संघाचा सहज लाभ होतो. ज्याला जिना उतरवत नाही, त्याच्याकडे संघानेच जावयास हवे. केरळात 1993 साली कोझिकोडे येथून सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले आणि 2008 साली त्या राज्याने याविषयी धोरण स्वीकारून स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात स्थान दिले. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही 1974 साली सरकारी खर्चाने वृद्धांनी अशक्त वृद्धांना सोबत करण्याची योजना सुरू झाली. तीत अल्प उत्पन्नाच्या स्वयंसेवकांना तासांच्या हिशेबाने मानधन देण्याची तरतूद करण्यात आली. सेवाभाव हा केवळ सुखवस्तू माणसाचा विशेषाधिकार राहू नये, हे त्या तरतुदीमागील तत्त्व समाजवाद्यांनी जरूर उचलावे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. वृद्धांचा सांभाळ ही शासनाची जबाबदारी असताना फुकटचे श्रम पुरवून शासनाला मोकळे का सोडावे? आक्षेप रास्त आहे. 1999 साली राष्ट्रीय धोरण जाहीर झाले, 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. पण त्या कायद्याचा मुख्य भर मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यावर आहे. ज्याची मुलेच हातावर पोट घेऊन जगतात, त्याने न्यायाधिकरणापुढे जाऊन काय मिळवावे? म्हणून पुरेसे निवृत्तिवेतन व घरपोच परिचर्या या मागण्या कदापि सैल होता कामा नयेत. परंतु मागणी मान्य होईपर्यंत माडीवरचा माणूस थांबू शकत नाही. शिवाय त्या खोलीत नेमाने जाणाऱ्यालाच कोणाचे निवृत्तिवेतन अडले आहे आणि कोणाची औषधे संपली आहेत, हे ठाऊक असते. मोर्चाच्या निवेदनाला बळ येते ते अशा माहितीने.

कामाला काही शिस्त लागेल. शाखेने आपल्या गल्लीतील एकट्या वृद्धांची यादी करावी. प्रत्येकामागे दोन सोबती असावेत, म्हणजे एक आजारी पडला तरी खंड पडणार नाही. वार व वेळ ठरलेली असावी. सोबत्याने बसावे, बोलावे, वर्तमानपत्र वाचून दाखवावे, बँकेत व दवाखान्यात बरोबर जावे. पैशांचा व्यवहार हाती घेऊ नये, कागदांवर सह्या-अंगठे घेऊ नयेत, परिचारिकेचे काम करू नये. वृद्धाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या घरात काहीही हलवू नये; कारण स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने जगता यावे, यासाठीच हा खटाटोप आहे. आणखी एक गोष्ट. शुश्रूषेचे ओझे आजवर सुनांनी, लेकींनी, विधवांनी वाहिले. सोबत्यांच्या यादीतही केवळ स्त्रियांचीच नावे भरली, तर जुनाच अन्याय नव्या नावाने चालू राहील. निवृत्त पुरुषांनी यात निम्म्याहून अधिक वाटा उचलला पाहिजे.

डॉ. राममनोहर लोहियांनी समाजवादी चळवळीला फावडे, मतपेटी आणि तुरुंग ही तीन प्रतीके दिली. वय झालेल्या कार्यकर्त्याकडून तुरुंगाची अपेक्षा आता कोणी करणार नाही. फावडे मात्र अजून हाती धरता येते. आज जो सोबत करील, त्याला उद्या सोबत लागणारच आहे. ती त्याला कोणाच्या कृपेने मिळावी, की चळवळीने उभ्या केलेल्या व्यवस्थेतून हक्काने मिळावी, याचा निर्णय शाखेच्या पुढील बैठकीतच करता येईल.