दात भरण्याआधीचं अर्धं मिनिट

दातात सिमेंट भरून घेताना डॉक्टर आधी दातावर एक निळी जेल लावतात, थोडं थांबतात आणि फवाऱ्यानं धुऊन टाकतात. चुकून जिभेला लागली तर आंबट लागते. ते असतं फॉस्फोरिक आम्ल, साधारण ३७ टक्के. आम्लानं दात किडतात हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. मग डॉक्टरच ते का लावतात?

पूर्वी चांदी भरायचे, ती दाताला चिकटत नसे. ती अडकून राहावी म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरावा लागे, आणि त्यात चांगला दातही खर्ची पडे. कारखान्यांत धातूला रंग देण्याआधी फॉस्फोरिक आम्लानं धुतात, म्हणजे रंग घट्ट बसतो. अमेरिकेत रोचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी हीच युक्ती दातावर करून पाहिली. ८५ टक्के आम्ल, ३० सेकंद. त्यावर लावलेलं ॲक्रिलिक कितीतरी जास्त दिवस टिकलं. हे त्यांनी १९५५ मध्ये छापलं. आजची दातांच्या रंगाची सगळी फिलिंगं त्या अर्ध्या मिनिटावर उभी आहेत, असं मी तरी म्हणेन.

होतं काय, ते पाहू. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि ते बारीक दांड्यांनी विणलेलं असतं. आम्ल सगळीकडे सारखं खात नाही. कुठे दांड्याचा गाभा विरघळतो, कुठे त्याची कड. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी ती टोचून घेतो, तसंच हे, फक्त खड्डे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे. दात वाळवला की तेवढी जागा खडूसारखी पांढरी दिसते. त्यावर पातळ रेझिन लावलं की ते आपोआप आत ओढलं जातं, निळ्या प्रकाशात कडक होतं आणि त्याच्या असंख्य खुंट्या दातात रुततात.

खरी गोम पुढे आहे. या पांढऱ्या जागेवर लाळ लागली की तिच्यातली प्रथिनं खड्डे बुजवून टाकतात. नुसतं धुऊन भागत नाही, पुन्हा आम्ल लावावं लागतं. एनॅमलच्या खालचा थर तर ओलसर, त्याचं तंत्रच उलटं: तो फार वाळवला तर आतलं कोलॅजनचं जाळं खाली बसतं आणि रेझिनला शिरायला वाट राहत नाही.

दात ब्लीच करून घेतले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. ब्लीचचा ऑक्सिजन दातात काही दिवस मुरलेला असतो आणि तो रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. म्हणून साधारण दोन आठवडे थांबतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडतात. अशा एनॅमलचा वरचा थर आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे डॉक्टर जेल जास्त वेळ ठेवतात किंवा तो थर हलकासा घासून घेतात.

तेव्हा डॉक्टरांनी गालात कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्या किंवा दाताभोवती रबराचा पडदा ताणला, तर वैतागू नका. नाकानं श्वास घ्या, आणि ते सांगेपर्यंत चूळ भरायला उठू नका.