पंचेचाळीस दिवस

(भिसेगाव, कर्जत येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, मला सांगितलं होतं की सरकारी योजनांवर बोला. मी काही सरकारी अधिकारी नाही, सीए नाही. कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. पण मी इथल्याच मुलांपैकी एक आहे आणि आमच्या घरात एक दुकान बंद पडलेलं मी पाहिलं आहे. त्यामुळे आधी त्या दुकानाबद्दल बोलतो, योजनांकडे मग येतो.

माझ्या अब्बांचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. एक वेल्डिंग मशीन, एक कटर, दोन ग्राइंडर, दोन कारागीर. ग्रील, गेट, जिन्याचे कठडे बनवायचे. कर्जतच्या आजूबाजूला फार्महाऊस वाढत गेले तसं काम वाढलं. माल कळंबोलीच्या लोखंड बाजारातून यायचा, अर्धा रोख, अर्धा उधार.

२०१९ मध्ये एका फार्महाऊस प्रकल्पाच्या कंपनीने गेट आणि ग्रीलची मोठी ऑर्डर दिली. बिल झालं ३ लाख २० हजार. आगाऊ १ लाख मिळाले. माल पोचला, बसवला, पसंत पडला. उरलेले २ लाख २० हजार? "पुढच्या आठवड्यात या." अब्बा आठ महिने पुढच्या आठवड्यात जात राहिले. ऑर्डर फोनवर आली होती, कागद काहीच नव्हता. लोखंडवाल्याचे पैसे द्यायला अम्मीच्या बांगड्या विकल्या. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

आता माझी गोष्ट ऐका. त्याच वर्षी मी पुण्यात एका कंपनीच्या खरेदी विभागासाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला होता की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवणाऱ्या कंपन्यांनी दर सहा महिन्यांनी त्याची माहिती सरकारला द्यायची. म्हणून आमच्या प्रोग्रॅममध्ये एक रकाना टाकायचा होता. पुरवठादार नोंदणीकृत लघुउद्योग आहे का, हो की नाही. हो असेल तर ४५ व्या दिवसाआधी स्क्रीनवर लाल इशारा. तो इशारा मी स्वतः लिहिला. शुक्रवारी रात्री मी घरी यायचो, अब्बा म्हणायचे आजही पैसे दिले नाहीत, आणि मी म्हणायचो, लोक असेच असतात. माझ्या बापाचं दुकान त्या "नाही"च्या रकान्यात आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

म्हणून आज मी पहिली गोष्ट सांगणार आहे ती कर्जाची नाही. सरकारी मदत म्हटलं की आपल्याला फक्त कर्ज आठवतं. पण छोट्या धंद्याला सरकार तीन प्रकारे हात देऊ शकतं: भांडवल मिळवून देऊन, काम मिळवून देऊन, आणि केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळवून देऊन. आपण पहिल्यातच अडकतो आणि तिसऱ्यावाचून मरतो.

तिसरं आधी घेऊ. २००६ मध्ये सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा झाला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असल्यास त्यातल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्यात सुविधा परिषदा आहेत, अर्ज ऑनलाइन होतो, आधी समेट आणि नाही जमला तर लवाद. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद आली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणजे त्याचा कर वाढतो. मोठ्या कंपनीचा अकाउंटंट याला घाबरतो.

पण हे सगळं कोणासाठी? ज्याची "उद्यम" नोंदणी आहे त्याच्यासाठी. आणि ती माल देण्याच्या आधी केलेली हवी. पैसे अडकल्यावर धावत जाऊन नोंदणी केली तर जुन्या बिलासाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

१ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे. मालकीचा धंदा असेल तर आधार आणि पॅन लागतं, कागद अपलोड करायचे नाहीत, आणि एक रुपयाही फी नाही. तरी आपल्या भागात लोकांनी एजंटला दीड-दोन हजार दिले आहेत. सारख्या दिसणाऱ्या खासगी वेबसाइट आहेत, त्यांना भुलू नका. सरकारी पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" असतं, ते बघा. एक गोष्ट लक्षात ठेवा. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण त्यांना तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. ४५ दिवसांचं संरक्षण बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे.

माझ्या धाकट्या भावाने २०२२ मध्ये तेच शटर पुन्हा वर केलं. पहिल्या दिवशी उद्यम नोंदणी केली. बिलाच्या माथ्यावर नोंदणी क्रमांक छापला. कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो, ऑर्डर व्हॉट्सअॅपवर तरी लेखी घेतो. माल उतरवला की पोच घेतो. गेल्या वर्षी एका ठेकेदाराने पुन्हा तेच सुरू केलं, पुढच्या आठवड्यात या. भावाने भांडण केलं नाही. कायद्याचं नाव, बिलाची तारीख आणि ४५ वा दिवस एवढं लिहून एक पत्र पाठवलं. तिसऱ्या आठवड्यात पैसे आले. अब्बा ते पत्र हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "एवढंच होतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

आता दुसरा हात, काम. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायची असते, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ही खरेदी मोठ्या प्रमाणात "जेम" पोर्टलवर होते. मी खोटं सांगणार नाही, नवख्याला तिथे पहिली ऑर्डर मिळवणं अवघड आहे. पण बाक, कपाटं, गणवेश, छपाई, संगणक दुरुस्ती असली कामं तिथे निघतात. इथे बसलेल्या शिकलेल्या मुलींनी यात डोकं घालावं, कारण या कामाचं बरंचसं घरून संगणकावर होतं.

मग पहिला हात, भांडवल. इथे घोळ फार आहे. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. कर्ज मुद्रा नावाचं कोणतं ऑफिस देत नाही, आपली बँकच देते. त्यामुळे "मुद्राचं मंजूर करून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर तो फसवणारा आहे.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या धंद्यासाठी आहे, २००८ पासून. यात अनुदान मिळतं. महिला, मागासवर्गीय यांच्याबरोबर अल्पसंख्याकही विशेष गटात येतात. त्यांना शहरी भागात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के, आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. भिसेगाव कर्जत नगरपरिषदेत येतं, म्हणजे शहरी. समजा ८ लाखांचं वर्कशॉप काढायचं आहे. तुमचे ४० हजार, अनुदान २ लाख. तेच ग्रामपंचायतीच्या हद्दीत काढलं तर अनुदान २ लाख ८० हजार. जागा भाड्याने घेण्याआधी हा हिशेब करा. आणि अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने बाजूला राहतं आणि धंदा चालू दिसला तर कर्जात वळतं होतं. अनुदानासाठी धंदा दाखवणाऱ्याला ही योजना नाही.

शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, न्हावी अशा १८ कारागिरींसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, आणि हवं असेल तर कर्ज. जातीचं नाव बघून आपली मुलं यात मागे राहतात. त्यात अट कामाची आहे, जातधर्माची नाही. आपल्यात शिंपी आणि गवंडी किती आहेत ते मोजा.

इथे व्याजाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून मला पुढे जायचं नाही. आमचे अब्बा व्याजाच्या कर्जाला कधी तयार झाले नाहीत. भावानेही घेतलं नाही, बचतीवर आणि माझ्या हातभारावर उभा राहिला. कोणी घेईल, कोणी घेणार नाही, तो निर्णय ज्याचा त्याचा. माझं म्हणणं वेगळं आहे. एका कारणासाठी आपण सगळ्या दारांकडे पाठ फिरवली. नोंदणीला व्याज नाही. प्रशिक्षणाला नाही, हत्यारांच्या पैशाला नाही. थकलेल्या बिलावरचं व्याज नको असेल तर नका मागू, मुद्दल तर घामाचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला बँक उभी करत नाही. हे उगाच बोललं जात नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं की मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारावर जगतात, हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के. म्हणजे ज्यांना छोट्या धंद्याचा आधार सर्वात जास्त, त्यात आपण आहोत. आणि काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या कर्जासाठी नकोशा ठरवल्याचंही त्याच अहवालात आहे.

माझी चुलत बहीण शिलाईच्या धंद्यासाठी ३ लाख मागायला गेली तेव्हा एका शाखेत तिला तारण मागितलं. एवढ्या रकमेच्या सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कर्जाला बँकेने तारण घ्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१० पासूनचा नियम आहे. तिने वाद न घालता विचारलं, "नकाराचं कारण लेखी द्याल का?" ते देणं बँकेवर बंधनकारक आहे. कारण मिळालं नाही, पण दुसऱ्या शाखेत चार महिन्यांनी कर्ज मिळालं. चार महिने तिने हेलपाटे घातले, एकदा खोपोली-पेण करत अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रापर्यंत. हे सोपं नाही आणि ते असं असायला नको. पण तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. अर्जाची पोच घ्या, नकार लेखी मागा, मग बँक लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही. भेदभाव होत असेल तर तो सिद्ध करायलाही कागदच लागेल.

आणि हे मागताना मान खाली घालू नका. आपण माचिस घेतली तरी कर भरतो. ही खैरात नाही, नागरिकाचा हक्क आहे. हक्कासोबत कर्तव्यही येतं: हिशेब ठेवा, कर्ज घेतलं तर फेडा, आणि आपल्याकडे कामाला असलेल्या मुलाचा पगार थकवू नका. त्याला पंचेचाळीस दिवसांचा कायदा लागू नाही, त्याला महिना संपला की पैसे हवेत.

शेवटी एक विनंती. इथे जे शिकलेले आहेत, माझ्यासारखे संगणकावर बसणारे, त्यांनी आज घरी गेल्यावर अब्बांना, मामूंना, शेजारच्या गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: उद्यम नोंदणी आहे का? नसेल तर त्यांचा आधार आणि पॅन घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी पुढचे चार रविवार सकाळी भावाच्या दुकानात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्याला जमत नसेल त्याने यावं. चहा मिळेल, फी नाही.

मी ते सहा वर्षांपूर्वी माझ्या घरात करायला हवं होतं.