मावा, साखर आणि ऊन



डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे करडईच्या रानात गेलात, की काही झाडांची पानं चकाकताना दिसतात. हात लावावा तर चिकट. त्यावर मुंग्यांची ये-जा असते, आणि पुढे त्यावरच काळी बुरशी चढते. चिकटा पडला, असं आपण म्हणतो. हा चिकटा म्हणजे मावा किडीनं टाकलेली विष्ठा, आणि ती चक्क गोड असते. साखर खायची आणि साखरच टाकायची, असा हा प्राणी.

तो असं का करतो? माव्याची सोंड झाडाच्या अन्नवाहिनीत रुतलेली असते. तिथल्या रसात साखर भरपूर, पण अंग भरायला लागणारं नत्र अगदी थोडं. तेवढं मिळवायचं तर रस पीतच राहावं लागतं. आणि रस इतका दाट, की काही केलं नाही तर आतड्यातली साखर माव्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेईल. म्हणून मावा साखरेचे लहान कण जोडून लांब साखळ्या करतो. कणांची संख्या घटली, की पाण्यावरची ओढही घटते. उरलेलं सगळं मागून बाहेर. मधूनमधून तो जलवाहिनीत सोंड घालून नुसतं पाणीही पितो.

साखरेचं निभलं, तरी नत्राचं काय? प्रथिनं बांधायला जी दहा अमिनो आम्लं प्राण्याला स्वतः करता येत नाहीत, ती या रसात पुरेशी नसतात. नुसत्या काकवीवर लेकरू वाढवायला घ्यावं, तशी ही गत. माव्याला तारतो तो त्याच्या पोटातल्या खास पेशींत राहणारा एक जिवाणू, बुक्नेरा. जर्मन शास्त्रज्ञ पॉल बुखनर यांनी कीटकांच्या अंगातल्या अशा सोबत्यांचा जन्मभर अभ्यास केला. १९९१ साली या जिवाणूला त्यांचं नाव मिळालं. रसातली हलकी अमिनो आम्लं घेऊन तो हवी ती बनवून देतो. आईच्या पोटातच तो पिल्लाकडे जातो. युरिया जास्त पडला की पीक लुसलुशीत होतं आणि मावाही वाढतो, हे आपण बघतोच. रसात नत्र वाढलं, की या दोघांचंही फावतं.

आता उन्हाकडे येऊ. कीटकाच्या अंगाचं तापमान हवेबरोबर चढतं-उतरतं. साधारण दहा अंश वाढले, की अंगातल्या घडामोडींचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे ऊब आली की मावा जास्त पितो, जास्त चिकटा टाकतो, लवकर वयात येतो. नराची गरज नसते. मादी थेट पिल्लं देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. इथपर्यंत ऊन माव्याच्या बाजूचं. पण तिशीच्या पुढे पारा गेला की गाडं अडतं, आणि पुष्कळदा आधी हात टेकतो तो मावा नव्हे, तर बुक्नेरा.

पंधरा कोटी वर्षांहून जास्त काळ माव्याच्या अंगात सुरक्षित राहून या जिवाणूनं बरीचशी जनुकं गमावली आहेत. २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी वाटाण्यावरच्या माव्यातल्या बुक्नेराचा जनुकसंच वाचला. तो साधारण ६ लाख ४० हजार अक्षरांचा निघाला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा सुमारे ४६ लाखांचा असतो. उष्णतेत बिघडणारी प्रथिनं सावरायची साधनंही त्यात मोजकीच उरली आहेत. २००७ साली अमेरिकेत नॅन्सी मोरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशाच एका जनुकाच्या आधीचं एक अक्षर, फक्त एक, गळलं तर ते जनुक उन्हात जागंच होत नाही. अशा माव्याची पिल्लं चार तास ३५ अंशांत ठेवली. ती जगली, मोठीही झाली, पण पुढे त्यांना पिल्लं अगदी थोडी झाली किंवा झालीच नाहीत. मग ही खोट टिकली कशी? १५ ते २० अंशांच्या गारव्यात हाच मावा इतरांपेक्षा जोमानं वाढतो. गार हंगामात त्याचीच चलती.

२०१५ साली मोरान यांच्याच प्रयोगशाळेनं माव्यातला उन्हाला कच्चा बुक्नेरा काढून दुसऱ्या माव्यातला दणकट बुक्नेरा सुईनं आत घातला. त्या माव्याचा वंश पुढे ऊन कितीतरी चांगलं सोसू लागला. मावा तोच, सोबती तेवढा बदललेला.

हे आकडे वाटाण्याच्या माव्याचे. करडईवरचा काळा मावा वेगळ्या जातीचा, त्याला ते जसेच्या तसे लावू नका. शिवाय आपल्याकडे ऊन तापू लागल्यावर मावा हटतो, त्याचं सगळं श्रेय उन्हाला देणंही बरोबर नाही. तोवर पीक निबर झालेलं असतं, रस आटलेला असतो, आणि ढालकिडे व त्यांच्या अळ्या माव्यावर तुटून पडलेल्या असतात. त्या वेळी फवारा मारला, तर मरतात ते हेही.