उताराला सातबारा नसतो

आज पदवीधर झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मृदसंधारणाचा पेपर तुम्ही सगळ्यांनी दिलाय. चर किती रुंद खणायचा, बांधाचा माथा किती ठेवायचा, हे मी तुम्हाला सांगणं बरं दिसणार नाही. त्या पेपरात ज्या संस्थेवर बहुधा प्रश्न येत नाही, तिच्याबद्दल बोलतो: ग्रामपंचायत.

आधी थोडा हिशेब. एक हेक्टर रानावरून एक मिलिमीटर मातीचा थर गेला, तर १० घनमीटर माती गेली. वजनात सुमारे १३ टन. ट्रॅक्टरच्या तीन-चार ट्रॉल्या सहज भरतील, पण बांधावर उभ्या माणसाला काहीच जाणवत नाही. त्यातून हे घडतं जूनमध्ये. कुळवून भुसभुशीत केलेलं रान उघडं असतं, पीक वीतभरही वर आलेलं नसतं, आणि पहिलाच दणक्याचा पाऊस येतो. ओढा चहाच्या रंगाचा होतो. आपण म्हणतो, यंदा सुरुवात छान झाली!

शेतकऱ्याला हे कळत नाही असं समजू नका. तो उताराला आडवी पेरणी करतो, बांध घालतो. पण वरच्या रानातून लोंढा आला की त्याचा बांध टिकत नाही. मग भांडण. खालचा म्हणतो, याने पाणी माझ्यावर सोडलं. वरचा म्हणतो, आजोबांपासून ते तिथूनच जातं. प्रकरण मामलेदार न्यायालयाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदारांपुढे जातं. तिथे दोन पक्षकार असतात. उतारावर मात्र वीस खातेदार असतात, वर गायरान असतं, त्याच्याही वर वनखात्याची हद्द. या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवू शकेल अशी गावात एकच जागा आहे, ती म्हणजे ग्रामसभा.

सरकारने एकट्याने करून पाहिलं आहे. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि पुढे सोलापूर-नगरच्या कोरडवाहू भागात समपातळी बांध घातले गेले. तांत्रिकदृष्ट्या चोख. पण समपातळी रेषा शेताची हद्द पाहत नाही. बांध रानाच्या मधूनच जायचा, तिफण वळायला जागा उरेना, एका शेताचे दोन वेडेवाकडे तुकडे व्हायचे. लोकांनी त्याला ‘सरकारी बांध’ म्हटलं आणि दरसाल एकेक तास आत नांगरत तो संपवला. मला त्यांचा राग येत नाही. विचारलं कोणी होतं त्यांना? पुढे गटाच्या हद्दीवर बांध घालायची पद्धत आली. शास्त्राच्या काटेकोर मापात ती थोडी कमी पडेल, पण बांध टिकला.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली, पावसाचं पाणी रानात मुरेल असे ताली-बंधारे सरकारने लष्कराच्या आणि पोलिसांच्या हातून घालून घ्यावेत, असं सुचवलं होतं. तेव्हा गावाच्या हाती ना पैसा होता, ना अधिकार. आज निदान कागदावर तरी आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत. भूसुधारणा आणि मृदसंधारण दुसऱ्या क्रमांकावर, पाणलोट विकास तिसऱ्या. तरीही गावच्या आराखड्यात पेव्हर ब्लॉक आणि कमान आधी येते. कमानीवर नाव कोरता येतं, चरावर कोरता येत नाही.

हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात डोंगरमाथ्यापासून काम सुरू केलं, हे तुम्ही सहलीत पाहिलं असेल. जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं गाव. तिथले चर आणि बंधारे सगळे पाहतात, फोटो काढतात. मला मात्र तिथली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी जास्त महत्त्वाची वाटते. जनावरं मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचं. हा नियम गावाने केला आणि स्वतःच पाळला. माथ्यावर गवत धरलं की खालच्या बांधावरचा बराचसा भार तिथेच उतरतो. असा नियम पोलीस बंदोबस्तात पाळून घेता येत नाही.

तुमचं खरं काम दुरुस्तीचं आहे. नवीन बंधाऱ्याला योजना मिळते, उद्घाटनाला आमदार येतात. तीन वर्षांनी सांडव्याचे दगड कोणीतरी गोठ्याला नेतो, तोंड गाळाने बुजतं, पाणी बांधावरून जातं आणि बांध मधोमध फुटतो. मग एका रात्रीत जी घळ पडते, ती बांध नसता तर पडलीही नसती. म्हणून मे महिन्यात सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि त्या-त्या गटाचे शेतकरी यांनी प्रत्येक सांडवा पायी फिरून पाहावा, आणि दुरुस्तीसाठी पंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळी रक्कम धरावी. रोजगार हमीतून काय बसतं, स्वनिधीतून काय करावं लागेल, हे मांडून दाखवणारा माणूस गावाला हवा असतो. वरच्या गावाचा ओढा असेल तर पंचायत समितीत दोन्ही सरपंचांना समोरासमोर बसवावं लागतं. ते सोपं नाही; त्यात जुन्या निवडणुकाही मिसळलेल्या असतात.

एक युक्ती सांगतो. पहिल्या मोठ्या पावसात गावच्या फरशी पुलाखालचं पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाला बसलेला थर पाहायला माणसं आपोआप येतात. पीपीटीपेक्षा हे बरं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षीच्या आराखड्याची चर्चा सुरू होते. गणपूर्तीअभावी ती तहकूब झाली तर तहकूब सभेलाही जा. सोबत गावच्या गटनकाशावर उताराच्या रेषा काढून न्या, आणि कोणत्या बांधाला आधी हात घालायचा ते गावालाच ठरवू द्या.