पदराआडची गाठ : हर्नियाविषयी चार गोष्टी

(मुलुंड येथे बचत गटांच्या सभेत एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



उपनगरातल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं काम केलं. तिथली एक ताई अजून आठवते. जांघेखाली सुपारीएवढी गाठ होती. दोन वर्षं तिनं कुणाला सांगितलं नाही. म्हणायची, "जागा अशी, दाखवू कुणाला?" एका रात्री गाठ ठणकू लागली, उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटलं पित्त झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला आणलं, तोवर आतड्याचा तुकडा काळा पडला होता. तो कापून काढावा लागला. ताई वाचली, पण थोडक्यात.

ती गाठ म्हणजे हर्निया. आपल्याकडे त्याला अंतर्गळ म्हणतात. पोटाला स्नायूंची भिंत असते. ती कुठं कमजोर झाली की आतली चरबी किंवा आतडं तिथून बाहेर डोकावतं. जुन्या पिशवीची शिवण उसवली की आतलं सामान बाहेर येतं ना, तसंच.

शिवण कुठं उसवते?

बेंबीजवळ : बाळंतपणांनी पोट ताणलं, वजन वाढलं की बेंबी फुगते. बऱ्याच जणी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतात. तसं करू नका. तान्ह्या बाळाची फुगलेली बेंबी बहुतेक वेळा आपोआप बसते. त्यावर नाणं बांधू नका, डॉक्टरांना मात्र दाखवा. मोठ्या माणसाची आपोआप बसत नाही.

जुन्या टाक्यांवर : सिझर, पिशवी काढणं, पोटाचं कुठलंही ऑपरेशन. टाक्यांची जागा काही वर्षांनीही सुटू शकते.

जांघेत : हा पुरुषांत जास्त दिसतो, पण बायकांनाही होतो.

जांघेच्या खाली, मांडीच्या वर : पायाकडं रक्तवाहिन्या जातात त्या वाटेनं हा उतरतो. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. गाठ लहान असते, पण वाट अरुंद, म्हणून आतडं चटकन अडकतं. त्या ताईला हाच होता.

ओळखायचं कसं? उभं राहिलं, खोकलं, हंडा उचलला की फुगवटा येतो. आडवं झालं की आत जातो. दिवसभर काम केलं की ओढ लागते. दुखत नाही म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं मोकळेपणानं सांगा. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांवरही उपचार घ्या, कारण प्रत्येक जोरानं भिंतीवर ताण येतो.

आता हे पाठ करा. गाठ आत जाईना, कडक झाली, ठणकते, लाल झाली, उलट्या होतात, पोट फुगलं, शौच आणि वारा बंद झाला. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर प्रश्न काही तासांचा असतो. गाठ दाबू नका, चोळू नका, काही खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा. घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी, जे जवळ असेल ते गाठा. गावी असाल तर ऑपरेशनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय.

पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही, गोळीनंही नाही. भोक शिवावं लागतं, आणि बहुतेक वेळा वर बारीक जाळी बसवतात. त्या जाळीची एक गोष्ट सांगते. ती महाग पडायची. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरून पाहिलं आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पुढं आफ्रिकेत युगांडामध्ये अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दोन्ही सारख्याच उतरल्या. आपल्या खानदेशातल्या डॉक्टरांनी गरिबाच्या खिशाचा विचार केला होता.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके आठवडे जड उचलायचं नाही. इथंच आपलं अडतं. "पाणी कोण भरणार?" म्हणून बाई ऑपरेशन पुढं ढकलते. मग गट कशासाठी आहे? दोघींनी पाणी भरावं, एकीनं सोबत दवाखान्यात जावं, लागलं तर गटातून अंतर्गत कर्ज द्यावं.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकमेकींना एवढंच विचारा : "कुठं गाठ तर नाही ना गं?" ज्या ताईला कुणी विचारलंच नाही, तिच्यासाठी हे विचारा.